खोत टीचरचा भोपळा

खोत टीचरच्या बालवर्गात वाघ नव्हता. गोष्ट भोपळ्यातून लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीची (पुस्तकात ती परतताना भोपळ्यात बसते, इथे जातानाच बसे), रस्ता जंगलातला, तिला खायला टपलेली जनावरंही ठरलेली. पण वाघाच्या जागी आमच्या बिल्डिंगचा बोका होता, कोल्ह्याच्या जागी नवघरच्या तबेल्यातली म्हैस होती आणि सिंहाच्या जागी वॉचमन यादव होता. कारण विचारलं की एकच उत्तर मिळे. मुलांनी वाघ पाहिलेला नाही, आणि जे पाहिलं नाही ते करायचं नाही.

यादवने यावर एकदा रीतसर हरकत घेतली. त्याच्यासारखी टोपी घातलेलं एक मूल म्हातारीला ‘तुला खातो’ म्हणत असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. तो दुसऱ्या मजल्यावर आला, दारात चपला काढल्या आणि म्हणाला, “माताजी, हम काहे खाएँगे आपको? हम तो अंडा भी नहीं खाते.” टीचरनी त्याला खुर्ची दिली, मुलांना त्याची शिट्टी हाताळू दिली आणि हरकत मान्य केली. त्या वर्षापासून आमच्या जंगलातला सिंह म्हातारीला अडवून एवढंच विचारू लागला, “किधर जाना है? रजिस्टर में लिखो.”

मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. पाळी संध्याकाळची, त्यामुळे सकाळी घरी असतो, आणि सकाळी त्यांचा वर्ग असे. दारं समोरासमोर असली तरी मागची भिंत एकच. गोष्ट, गाणी, रडणं, कुणी कुणाचा रंग सांडला, हे सगळं मला चहाबरोबर मिळत असे.

प्रभा खोत बुटक्या, सुती साडीतल्या, पदर कमरेला खोचलेल्या. बोटांवर कायम वाळलेली खळ. बाजारातला गोंद त्या वापरत नसत. मैद्याची खळ स्वतः शिजवत, कारण काही मुलं ती खात आणि काहींच्या आया विचारत की पोटात गेली तर काय होईल. “काही नाही, पोट भरेल,” असं त्या सांगत.

त्यांची दोन वाक्यं बिल्डिंगमध्ये सगळ्यांना पाठ होती. पहिलं, “पाहिलंस का?” दुसरं, “हात लाव, मग बोल.” एका मुलाने वर्गात सांगितलं होतं की टायगर असा नसतो, त्याने मोबाईलवर पाहिलाय. टीचरनी विचारलं, त्याचा वास कसा होता? मूल म्हणालं, वास नव्हता. टीचर म्हणाल्या, मग तू मोबाईल पाहिलास.

हीच उलटतपासणी माझीही होई. रद्दी न्यायला आल्या की वरच्या पानावर नजर टाकून विचारत, “अहो पेपरवाले, हे तुम्ही पाहिलंत?” मी सांगे, की मी डेस्कवर बसतो, बातमीदार पाहतो, मी तपासतो. “म्हणजे न पाहिलेलं तपासता,” असं म्हणून त्या गठ्ठा काखेत मारत. माझ्या व्यवसायाची याहून नेमकी व्याख्या मी अजून ऐकलेली नाही.

दुसरी सवय पाण्याची. कुणाच्याही घरात शिरल्या की बसण्याआधी म्हणत, “आधी पाणी द्या.” समोरच्या दारातून माझ्याकडे आल्या तरी हेच. चहा विचारला तर नको, खायला विचारलं तर नको. पाणी मात्र पूर्ण ग्लासभर पीत, ग्लास स्वतः विसळून पालथा घालत आणि मग कामाचं बोलत. वर्गालाही त्यांनी हे शिकवलं होतं. कुणी पाणी दिलं की नाही म्हणायचं नाही. तहान नसली तरी दोन घोट प्यायचे. मुलांच्या गळ्यात फिल्टरच्या पाण्याच्या बाटल्या लटकत असत, आणि आयांना हा नियम मुळीच पटत नसे. त्यावर टीचर वाद घालत नसत. नियम तेवढा चालू ठेवत.

वर्षाच्या शेवटी भोपळ्याची गोष्ट लागे आणि ती काही आठवडे चाले. म्हातारीची काठी म्हणजे शेवग्याची शेंग. तिचे केस कापसाचे. सुरकुत्यांसाठी टीचर आपला चेहरा पुढे करत. मुलं ओळीने येऊन त्यांच्या गालावर बोटं फिरवत, आणि मग खाकी कागद चुरगाळून पुन्हा उलगडत. तूपरोटीच्या दिवशी खरं तूप आणि खरी पोळी असे. भोपळ्याच्या दिवशी खरा लाल भोपळा फोडला जाई. मुलं आत हात घालून बिया काढत, धूत, वाळवत आणि म्हातारीच्या तोंडात दात म्हणून चिकटवत. उरलेल्या भोपळ्याची भाजी, भरीत आणि घारगे आमच्या मजल्यावर वाटले जात. तो आठवडा आम्ही सगळे सारख्याच निराशेने काढत असू.

म्हशीसाठी वर्ग तबेल्यात नेला जाई. मुलं परत आली की जिन्यापर्यंत वास येई, आणि आयांचे फोन त्याआधी येत. एका वर्षी एका मुलाने म्हशीची फक्त मागची बाजू केली: शेपूट, दोन पाय, शेण. तो मागे उभा होता. बाकीच्या मुलांनी शिंगं काढली होती, डोळे काढले होते. टीचरनी ती मागची बाजू भिंतीवर सगळ्यांच्या वर लावली. “याने जेवढं पाहिलं तेवढंच केलं,” असं त्यांनी पालकांना सांगितलं. त्या मुलाच्या वडिलांचा चेहरा मी पाहिला. त्यांना याचा अभिमान वाटल्याचं दिसलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ती गोष्ट कधी पुरी होत नसे. म्हातारी घरातून निघे, बोका भेटे, म्हैस भेटे, वॉचमन भेटे. प्रत्येकाला ती सांगे की लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा. आणि मग ती रस्त्यावरच राही. लेकीचं घर कधी आलंच नाही. मुलांनी विचारलं तर टीचर म्हणत, “उद्या.” उद्या सुट्टी लागलेली असे. जूनमध्ये नवी मुलं येत.

दरम्यान पुढच्या गल्लीत एक इंटरनॅशनल प्रीस्कूल निघालं. भारताबाहेरच्या कोणत्याही देशाशी त्याचा संबंध असल्याचं आढळलं नाही. तिथे एसी होता, भिंतभर स्क्रीन होता आणि स्क्रीनवर वाघ होता. वाघ डरकाळी फोडे आणि त्यानंतर इंग्रजीत आपलं नाव सांगे. खोत टीचरचा वर्ग आधी निम्मा झाला, मग मूठभर राहिला. शेवटच्या वर्षी पाचच मुलं होती. मार्चनंतर वर्ग बंद, हे टीचरनी स्वतःच सांगितलं, खळ ढवळता ढवळता, गॅस बंद करायला सांगावा तसं.

शेवटचं वर्ष म्हणून त्यांनी भोपळा मोठा करायचं ठरवलं. एरवी तो नारळाएवढा असे. या वेळी त्यात खरी म्हातारी बसणार होती, म्हणजे त्या स्वतः. एका जुन्या करंडीवर बांबूच्या कामट्या बांधल्या आणि त्यावर माझी रद्दी खळीने चिकटवायला सुरुवात झाली. पाच मुलं रोज एक थर चढवत. मी तपासलेल्या बातम्या एकावर एक जात होत्या. सरकार पडलं, त्यावर बाजारभाव, त्यावर श्रद्धांजली, त्यावर पुन्हा सरकार. मध्येच टीचर आत बसून पाहत आणि म्हणत, “गुडघे टेकतात. अजून हवा.” शेवटी केशरी रंग लागला. भोपळा उत्कृष्ट झाला होता.

कार्यक्रम खाली पार्किंगमध्ये होता. सतरंजी अंथरलेली, खुर्च्या मांडलेल्या. दोन बाबा आणि यादव भोपळा उचलायला वर आले, तेव्हा कळलं की तो दारातून जात नाही. आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला, दाराचा पडदा काढला, मग दारच बिजागऱ्यांवरून काढलं. चौकट राहिली आणि भोपळा आत राहिला. या सगळ्या आठवड्यांत कुणीही दार मोजलं नव्हतं. यादवने सुचवलं की बीच में से काट देते हैं, नीचे जाके चिपका देंगे. टीचर म्हणाल्या, “कापायचा नाही. आत म्हातारी असते.” असती कुठे, त्या तर बाहेर उभ्या होत्या.

खुर्च्या परत वर आल्या. आया हॉलमध्ये, बाबा जिन्यात, असा कार्यक्रम झाला. टीचर भोपळ्यात बसल्या. फक्त डोकं आणि शेवग्याची शेंग बाहेर. बोका आला, म्हैस आली, टोपी आणि शिट्टी आली. टीचरनी सगळ्यांना सांगितलं की त्या लेकीकडे निघाल्या आहेत. मग थांबल्या आणि म्हणाल्या, “पुढचं उद्या.”

पाच मुलांत किंजल नावाची एक मुलगी होती. तिची आई दारातून म्हणाली, आवाज गोडच होता, “टीचर, अब तो क्लास ही बंद हो रहा है. कल कब आएगा? किंजल रोज पूछती है, दादी बेटी के घर पहुँची कि नहीं.”

टीचर भोपळ्यातून बाहेर यायचा प्रयत्न करत होत्या. गुडघा अडकला होता. त्या तशाच थांबून म्हणाल्या, “मैंने उसका घर देखा नहीं है.”

सगळे हसले. मीही हसलो. मला तो त्यांचा नेहमीचा नियम वाटला, आणि तो तसा होताही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्या माझ्याकडे आल्या. रद्दी नको होती. पाणी मागितलं, प्यायल्या, ग्लास पालथा घातला आणि उभ्यानेच सांगायला लागल्या. मध्ये थांबल्या नाहीत, रडल्या नाहीत. मी जसं ऐकलं तसं देतो.

त्यांना एक मुलगी आहे, मंजिरी. तिच्या लग्नात विहीणबाईंनी त्यांना जेवायचं आमंत्रण दिलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणी घेणार नाही. हे त्यांच्या आईने पाळलं होतं, तिच्या आईने पाळलं होतं. मांडवात सगळे हसले. मंजिरीही हसली. म्हणाली, मग तुला लवकरच पाणी पाजते.

त्या मंजिरीकडे जात. तेव्हा ती ठाण्याला भाड्याने राहत होती. नियम जेवण्याचा आणि पाण्याचा होता, जाण्याचा नव्हता. त्यामुळे त्या घरून डबा आणि पाण्याची बाटली नेत. मुलीच्या टेबलावर बसून आपला डबा खात, आपलं पाणी पीत. मंजिरी चेष्टा करी. नंतर करेनाशी झाली. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. दुसऱ्या वेळी टीचर तिला भेटायला गेल्या. उन्हातून आल्या होत्या, घसा सुकला होता. पलंगाशी बसल्या आणि पिशवीतून बाटली काढली.

“सवयीने काढली हो. तिने बाटलीकडे पाहिलं. मी झाकण उघडलं होतं, ते परत लावलं. पण तिने पाहिलं होतं.”

मंजिरी चिडली नाही. एवढंच म्हणाली, “आई, आता बाळ झाल्यावरच ये. मी फोन करीन.”

त्याला बरीच वर्षं झाली. पुढे मंजिरीने सिल्व्हर पार्कला फ्लॅट घेतला. नवघरहून रिक्षाने गेलं तर वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून होत नाही एवढ्यात पोचता येतं. सणावारी दोघी फोनवर बोलतात. हवा, गुडघे, भाजी. तो फोन मात्र आलेला नाही. मंजिरीची चाळिशी उलटली आहे.

मी विचारलं, मग आता जाऊन पाणी पिऊन का टाकत नाही. रीत काय, मोडता येते. मला हा सल्ला साधा आणि योग्य वाटला होता.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं त्या मोबाईलवर वाघ पाहिलेल्या मुलाकडे पाहत.

“आता मी तिच्याकडे जाऊन पाणी मागितलं, तर त्याचा अर्थ काय होतो, पेपरवाले? की मी आशा सोडली. तिने नाही सोडली तर? तिच्या तोंडावर कसं सांगू?”

मी पालथा ग्लास उचलून जागेवर ठेवला.

त्यांचं काम वेगळं होतं. रविवारी मला सुट्टी असते, हे त्यांना ठाऊक होतं. सोबत येणार का, असं विचारलं. घर पाहायचं होतं. बाहेरून.

आम्ही सकाळी गेलो. बिल्डिंगचं नाव माहीत होतं, मजला चौथा हे माहीत होतं. कुठला फ्लॅट हे माहीत नव्हतं. समोर वाण्याच्या दुकानाच्या सावलीत उभं राहून त्यांनी चौथ्या मजल्याच्या गॅलऱ्या एकेक करून पाहिल्या. सगळ्या सारख्या. कबुतरांसाठी जाळ्या, कुंड्या, एसीचे डबे. मग त्या थांबल्या.

“ती.”

दोरीवर एक गोधडी वाळत होती. मोहरी रंगाची, कडेला हिरवा काठ. लग्नात त्यांनीच दिली होती, स्वतःच्या साड्यांची शिवून. रंग उडालेला होता. बरीच वापरलेली दिसत होती.

पुढे काही घडलं नाही. गॅलरीत कुणी आलं नाही. त्या पाहत राहिल्या. हात लावता येत नव्हता, म्हणून जरा जास्त वेळ पाहिलं असावं. ऊन वर आलं. मी दुकानातून पाण्याची बाटली घेतली, उघडून त्यांच्यापुढे धरली. कुणीही दिलेलं पाणी नाकारू नये, असं ज्यांनी शेकडो मुलांना शिकवलं, त्या म्हणाल्या, “इथे नको.”

तेवढ्यात त्या बिल्डिंगचा वॉचमन रस्ता ओलांडून आला. आम्ही बराच वेळ वर पाहत होतो, त्याने त्याचं काम केलं. “माताजी, किसके यहाँ जाना है?”

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दर वर्षी दिलं होतं, परवाच भोपळ्यात बसून दिलं होतं. त्या म्हणाल्या, “किसी के यहाँ नहीं. ऐसे ही खड़े हैं.” मग रिक्षाला हात केला.

सोमवारी वर्गाचा शेवटचा आठवडा सुरू झाला. मी भिंतीतून ऐकलं, की आज लेकीचं घर करायचं. पाच मुलांनी इतका आरडाओरडा केला की मी उठून समोर गेलो. त्यांनी मला दारात बसू दिलं. दार अजून बिजागऱ्यांवर चढवलेलं नव्हतं.

पंख्याच्या खोक्याची बिल्डिंग झाली. मजले मोजून चौथ्यावर गॅलरी कापली. कबुतरांची जाळी म्हणजे कांद्याच्या पिशवीची जाळी. कुंड्यांना बाटल्यांची झाकणं. मग टीचरनी कपाटातून मोहरी रंगाचा, हिरव्या काठाचा एक तुकडा काढला आणि प्रत्येकाच्या हातात दिला. हात लाव, मग बोल. मऊ आहे, असं सगळ्यांनी सांगितलं. तो तुकडा दोरीवर वाळत घातला. खाली फुटपाथवर नारळाएवढा भोपळा ठेवला, आत कापसाच्या केसांची, बियांच्या दातांची म्हातारी.

किंजलने खोकं चारही बाजूंनी फिरवून पाहिलं.

“टीचर, इसका दरवाज़ा?”

“वो मैंने नहीं देखा.”

“और अंदर?”

“अंदर भी नहीं.”

किंजलला म्हशीच्या मागच्या बाजूचा इतिहास माहीत नव्हता. पण ती त्याच वर्गातली होती, तिला ते पटलं. तिने फक्त भोपळा उचलून बिल्डिंगच्या आणखी जवळ सरकवला, गॅलरीच्या बरोबर खाली.

“तो दादी यहीं रुकेगी?”

“हां.”

“कब तक?”

टीचर खळीचं पातेलं घेऊन मोरीकडे गेल्या. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. पातेलं एवढं मोठं नव्हतं.

वर्ग बंद झाला. किंजल आता इंटरनॅशनलला जाते. तिथे तिने वाघ पाहिला आणि त्याचा वास कसा आहे असं विचारलं, अशी तक्रार तिच्या आईकडे आल्याचं समजतं.

मोठा भोपळा अजून हॉलमध्ये आहे. तो बाहेर जाऊ शकत नाही आणि त्या तो कापू देत नाहीत. वरच्या देठाशी त्यांनी एक खळगा केला आहे आणि त्यात मोबाईल उभा ठेवतात. घरात रेंज फक्त तिथेच नीट येते, असं त्या सांगतात. परवा त्या पाणी आणायला आत गेल्या, तेव्हा मी माझा फोन हातात धरून हॉलभर फिरलो. रेंज सगळीकडे सारखीच आहे.